ओळंबामामांचा ‘पास’

टाक्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात वेल्डिंगचा जॉइंट तपासायला साहेब यायचे, पण त्याआधीच ओळंबामामा जॉइंटशेजारी खडूने हातभर ‘पास’ लिहून मोकळे व्हायचे. ओळंब्यासारखा सरळ जॉइंट, म्हणून हे नाव. बावीस वर्षांत त्यांची एकही टाकी गळली नव्हती, आणि हे ज्याला मामांनी ऐकवलं नाही असा माणूस गावात उरला नव्हता.

टाकीत उतरले की मामा आधी पाइपातून धूर ओढणारा पंखा बंद करत. “वाऱ्याने जॉइंटला भोकं पडतात,” हे त्यांचं शास्त्र. माणसाचं काय होतं, ते त्या शास्त्रात नव्हतं.

मग ‘पास’ आक्रसू लागला. हातभर होता तो बोटभर झाला, शेवटी मुंगीएवढा. फोरमन म्हणाला, “मामा, खडू महागला का?”

घरी मामीला वेगळाच घोर. “माझ्या विनोदांना तुम्ही कधी हसला नाहीत, ते सोडा. पण निदान तोंड तरी वाकडं करायचात. आता नुसती भिंत.” चालही कोंबड्यासारखी झाली होती, टाचा अधांतरी. तिने त्यांना मनगट धरून दवाखान्यात नेलं.

“उलटं चालून दाखवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मामा दोन पावलं मागे गेले आणि थेट मागे बसलेल्या मामीच्या मांडीवर येऊन बसले.

“आजवर कधी एवढे जवळ आले नव्हते,” मामी म्हणाली. पण त्यांचं मनगट तिने सोडलं नाही.

बाईंनी तपासण्या केल्या, कामाची चौकशी केली. “वेल्डिंगच्या धुरात मँगेनीज असतं. कोंडलेल्या जागेत वर्षानुवर्षं श्वासातून गेलं की ते मेंदूत साठतं. अक्षर बारीक होतं, चेहरा थिजतो, तोल जातो, चिडचिड वाढते.”

“चिडचिड जुनी आहे,” मामीने खुलासा केला.

“धूर आजपासून बंद. झालेलं सगळं भरून येईल असं नाही, पण आणखी बिघडू द्यायचं नाही.”

मामा दोन दिवस घरीच बसले. हातातला वेल्डिंगचा होल्डर सुटला तर ओळंबा कसला? तिसऱ्या दिवशी मामीला घेऊन ते कारखान्यात गेले, मोकळ्या हवेत दोन सुटे पत्रे मांडायला लावले आणि लांब बसले. फोरमनच्या हाती होल्डर, पंखा चालू. पहिल्या जॉइंटला भोकं पडली.

“बघा,” फोरमन म्हणाला, “तुमचंच खरं.”

“गप. पंख्याचा पाइप जॉइंटच्या अंगावर घेतोस कशाला? बाजूला धर. अजून. वीतभर लांब.”

चौथ्या खेपेला धूर पाइपात गेला आणि जॉइंट सरळ आला. मामा उठून पत्र्यांपाशी आले.

“बावीस वर्षं पंखा बंद करणारा शहाणा मीच,” ते सावकाश म्हणाले. “यापुढे पंखा चालू नसेल तर टाकीवर माझा खडू चालणार नाही. साहेबांनाही सांग.”

त्यांनी जॉइंटशेजारी खडूने लिहिलं. फोरमन वाकला, आणखी वाकला. “मामा, दिसत नाही.”

“चष्मा लाव. पास आहे.”

चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. फोरमन बावरला.

“हसले ते,” मामी मान ताठ करून म्हणाली. “मला कळतं.”