जलदर्शन कॉलनीतले गोल डाग

रत्नमाला वाहूळ हिचा जगात कुणावर विश्वास नाही, असं तिचा नवरा संघपाल चारचौघांत हसत हसत सांगतो आणि ती ते कौतुक समजून ऐकून घेते. वैजापूरच्या एसटीवर कंडक्टर म्हणून तिची वर्षं गेली. माणूस गाडीत चढतो तो खोटं बोलायलाच चढतो, असं तिचं ठाम मत आहे. मिसरूड फुटलेलं पोर आईच्या मांडीवर बसून हाफ तिकीट मागतं. फुकट प्रवासासाठी धडधाकट गडी एका रात्रीत पंचाहत्तरीचा होतो आणि आधार कार्ड नेमकं घरी विसरलेलं असतं. ड्यूटी संपली तरी बाईची नजर तीच. दूधवाल्यानं कमी घातलं तर शंका, आणि जरा जास्त घातलं तर डबल शंका.

पण खरं सांगायचं तर हा संशय तिला एसटीनं शिकवला नव्हता, शहरातल्या गारखेडा वस्तीनं शिकवला. नवीन लग्न झालेलं, दोघं भाड्याची खोली शोधत होते. एका घरमालकिणीनं रत्नमालेला बसवून पोहे खाऊ घातले, खोली दाखवली, माझ्या लेकीसारखी राहा म्हणाली. निघता निघता तिनं विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणालात?" रत्नमालेनं पूर्ण नाव सांगितलं. बाईचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले. संध्याकाळी निरोप आला की खोली पुतण्याला लागतीय. असले पुतणे रत्नमालेनं पुढं या शहरात पुष्कळ पाहिले. तेव्हापासून तिनं एक सवय लावून घेतली. कुणाच्याही दारात उभं राहिलं की आधी आडनावासकट नाव सांगायचं आणि समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून बघायचं. पोहे नंतर.

लेक सुलेखा कॉलेजात गेली तेव्हा दोघांनी ठरवलं, आता बस्स, स्वतःचं घर घ्यायचं. संघपालला गच्ची हवी होती, सुलेखाला वेगळी खोली. रत्नमालेला एवढंच हवं होतं की पुन्हा कुणाच्या दारात उभं राहून नाव सांगायची वेळ येऊ नये. हौसमौज तिला काही नव्हती.

संघपालनं मोबाइलवर एक जाहिरात शोधून काढली. हर्सूलच्या बाजूला जलदर्शन कॉलनी, रो हाउस, तलावाचा वारा, मुलाबाळांसाठी सुरक्षित, कुटुंबालाच प्राधान्य. "कुटुंबालाच म्हंजे कुणाच्या कुटुंबाला?" रत्नमालेनं जाहिरात वाचताच विचारलं. संघपाल म्हणाला, "अगं माय, जाऊन तर बघू!"

रविवारी गेले. घरमालक काकासाहेब, रिटायर्ड माणूस, लेकाकडं पुण्याला राहायला निघालेले. फाटकातच रत्नमाला म्हणाली, "मी रत्नमाला वाहूळ, एसटीत कंडक्टर. हे संघपाल वाहूळ." आणि तिनं नजर रोखली.

"या ताई, या. चपला राहू द्या पायात," काकासाहेब म्हणाले.

तोंडावरची रेष हलली नाही. रत्नमालेनं भिंतीतली चीर शोधावी तसं त्यांचं तोंड न्याहाळलं, काही सापडलं नाही. घर झकास होतं. मागं पेरूचं झाड, वर गच्ची, गच्चीवरून तलावाचं पाणी चकाकताना दिसायचं आणि वारा असा की संघपालचे केस उडाले, जे काही उरले होते ते. तेवढ्यात भिंतीला भिंत लागून राहणारी आवडाबाई चहा घेऊन हजर. पाण्याचा तांब्या काठोकाठ भरलेला. समोरच्या घरातून कुणी कैऱ्या आणून दिल्या. पोरं गल्लीत क्रिकेट खेळत होती आणि चेंडू गाडीला लागला तर चक्क सॉरी म्हणत होती. गल्ली अशी झाडूनपुसून ठेवलेली, जसं काही सगळ्या घरांत मिळून मुलगी बघायला पाहुणे येणारेत.

परतताना गाडीवर मागं बसल्या बसल्या रत्नमालेनं विचारलं, "आडनाव ऐकलं ना त्यानं?"

"ऐकलं की."

"तरी घर देतोय?"

"मग?"

"मग काय मग! म्हंजे घरातच खोट हाय."

संघपालनं गाडी बाजूला घेतली. "रत्ना, माणूस चांगला आसंल ना एखादा!"

"एखादा आसंल. अख्खी गल्ली कशी काय चांगली निघाली?"

आता या बाईला काय म्हणावं! नाव ऐकून नाकारलं तरी राग, नाही नाकारलं तरी संशय. संघपाल वैतागला, पण त्यानं गाडी पुन्हा सुरू केली. गारखेड्याच्या त्या संध्याकाळी निरोप ऐकताना तोही शेजारीच उभा होता.

"आणखी एक," ती म्हणाली. "सगळ्यांच्या फाटकाशी फरशीवर गोल गोल हिरवे डाग व्हते. बघितले का?"

"कुंड्या आसतील."

"मग कुंड्या गेल्या कुठं?"

आठवडाभर तिच्या डोक्यात ते डाग फिरत राहिले. सुट्टी मिळाली त्या दिवशी सकाळी ती कुणाला न सांगता, चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून हर्सूलला गेली. कॉलनीच्या वळणावरच तिला आरडाओरडा ऐकू आला. आत जाऊन बघते तर गल्लीच्या मध्यात पाण्याचा टँकर उभा. प्रत्येक फाटकाशी, बरोबर त्या डागांवर, निळे ड्रम. रविवारच्या गोडबोल्या बायका पाइप ओढून एकमेकींचा उद्धार करत होत्या. सॉरी म्हणणारी पोरं ड्रमाआडून एकमेकांवर पाणी उडवत होती. आणि आवडाबाई पदर खोचून टँकरवर चढली होती, "मागच्या खेपेला माझा अर्धा भरला, आज आधी माझा!"

रत्नमालेनं स्कार्फ सोडला. एकेकीचं लक्ष गेलं तशी गल्ली चिडीचूप झाली. पाइप तेवढा रस्त्यावर वाहत राहिला.

"नाव जलदर्शन," रत्नमाला म्हणाली, "आन् दर्शनच तेवढं. व्हय ना मावशी?"

खोटं कशाला बोलू, आतून ती खूश झाली होती. बिनतिकिटाचा माणूस सापडल्यावर होते तशी. पण खुशीच्या मागोमाग रागही आला, कारण ते घर तिला मनापासून आवडलं होतं.

आवडाबाई टँकरवरून उतरली, तिनं रत्नमालेचा हात धरला आणि ओढतच घरात नेलं. खुर्चीवर बसवून म्हणाली, "ड्रम लपवले. समद्यांनी लपवले. माझे तर न्हाणीघरात रचले व्हते, दोन दिस नातवाला आंघोळ घालता आली नाय."

"कशापायी?"

"कोपऱ्यावरचं घर बघितलंस? तिथं पोरांचं हॉस्टेल झालं. रातंदिस मोटरसायकली. आता त्योच मालक काकासाहेबांच्या घरामागं लागलाय. रोख देतो म्हणतो. काकासाहेबांना म्हणलं, थोडं थांबा, आम्ही चांगलं कुटुंब शोधून देतो. आन् टँकरचं नाव काढलं की कुटुंबवाली माणसं पळत्यात. मग काय करावं?"

हे सगळं रत्नमालेला पटलं. पण तिचा खरा प्रश्न तसाच राहिला होता. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"आन् माझं आडनाव?"

"त्याचं काय?"

"ऐकलं व्हतं ना सगळ्यांनी?"

आवडाबाईनं खोचलेला पदर सोडला आणि म्हणाली, "ऐकलं. त्याच्यावर बोलणं बी झालं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. एकदोघांनी नाकं मुरडली. मी म्हणलं, नाकं मुरडा, पण बाई कंडक्टर हाय. टँकरवाल्याला सरळ करायला दुसरी कोण हाय तुमच्यात?"

रत्नमाला तिच्याकडं बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिला पुतणे भेटले, पाहुणे भेटले, अचानक आजारी पडलेल्या सासवा भेटल्या. नाकं मुरडली हे तोंडावर सांगणारं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं. तिला भडभडून आलं आणि त्याचाच तिला राग आला.

"चहात साखर लई टाकता तुम्ही," ती म्हणाली. पुढच्या महिन्यात घर तिच्या नावावर झालं.

आता त्याला वर्ष होऊन गेलं. टँकरवाला सरळ झाला. रत्नमाला ड्रम नंबरानं लावून घेते, मध्ये घुसणाऱ्याला गाडीतून उतरवल्यासारखं मागं पाठवते. नाकं मुरडणाऱ्यांपैकी एकीनं मध्यंतरी तिच्याकडून दही विरजणाला नेलं. कोण ते रत्नमालेनं शोधून काढलं होतं, पण दही दिलं. फाटकावर संघपालनं पाटी लावली आहे, वाहूळ. मोठ्या अक्षरांत.

परवा सकाळी आवडाबाईनं भिंतीवरून हाक मारली, "रत्ना, ड्रम आत घे गं! समोरचं घर बघायला गिऱ्हाईक येतंय. फोनवर लई नीट बोलत व्हती बाई. नवरा, दोन लेकरं, चांगलं कुटुंब हाय म्हणत्यात."

"घेते," म्हणत रत्नमाला ड्रम कलता करून गोल गोल फिरवत आत नेऊ लागली. आणि फिरवता फिरवता, अगदी सहज, पाण्याची चौकशी करावी तसं विचारती झाली, "कोण हायत? आडनाव काय त्यांचं?"

"ते नाय बाई विचारलं," आवडाबाई म्हणाली.

रत्नमालेचे हात ड्रमावरच थांबले. पोह्यांची बशी, ते तोंडावर राहिलेलं हसू, सगळं तिला आत्ता समोर दिसलं. शी! आपल्याच तोंडून निघावं हे? तिनं ड्रम फिरवत पुन्हा बाहेर आणला, डागावर ठेवला आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसून राहिली. आवडाबाई भिंतीपलीकडून खुणा करत होती, तिनं लक्ष दिलं नाही.

रिक्षा थांबली. एक बाई उतरली, मागोमाग नवरा आणि लेकरं. बाईनं गल्लीवरून नजर फिरवली. फरशीवरचे रिकामे गोल डाग तिनं बघितले, मग हा एकटा निळा ड्रम बघितला. मग ती सरळ रत्नमालेसमोर येऊन उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "मी नसीमा पठाण. हे माझे मिस्टर, यांचं पण पठाण. मी शाळेत शिकवते."

आणि तिनं रत्नमालेच्या तोंडावर नजर रोखली.

ती नजर रत्नमालेच्या ओळखीची होती. तिची स्वतःचीच होती. आपल्या तोंडावर या घडीला काय दिसलं असेल, रेष हलली असेल का, डोळे बदलले असतील का, हे मात्र तिला काही केल्या कळेना. एवढ्या लोकांची तोंडं वाचली, स्वतःचं वाचायची वेळ कधी आली नव्हती.

"मी रत्नमाला वाहूळ," ती म्हणाली. "या. पाणी इथं टँकरचं हाय, ते आधीच सांगते. बाकी गल्ली बरी हाय. काय विचारायचं ते विचारा. आम्ही काय विचारणार नाय."

तिनं आतून तांब्या आणला, पेला काठोकाठ भरून नसीमाच्या हातात दिला. नसीमानं तो घेतला, पण लगेच प्यायली नाही. आधी पेल्याकडं बघितलं, मग भिंतीवरून डोकावणाऱ्या आवडाबाईकडं, मग पुन्हा रत्नमालेकडं.

रत्नमाला शेजारी थांबून राहिली. नसीमाच्या जागी तीही लगेच प्यायली नसती.