मागच्या पाटीचा पोचा

आमच्या आबांची मोटार जव्हार-मोखाड्यात समोरून फार कमी लोकांनी पाहिली असेल. मागून मात्र सगळ्यांनी पाहिली, कारण सगळ्यांनी तिला कधी ना कधी धक्का मारलेला आहे. जव्हारला आमचं किराणा दुकान, मोखाड्याच्या आठवडे बाजारात आमचं पाल, आणि मध्ये चढ. चढ आला की मोटार थांबायची. आबा खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारायचे, "मागं कोण आहे?" मागे जे असतील ते आपापली नावं ओरडून सांगायचे. सगळी नावं कळल्याशिवाय आबा ब्रेक सोडत नसत. गाडी उलटी घसरली तर कोण सापडलं हे ठाऊक असावं, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

पुढे मोटार थकली आणि शेडमध्ये जाऊन बसली. तिच्यात कोंबड्या राहू लागल्या, आणि त्यांनी तिची आमच्यापेक्षा जास्त काळजी घेतली. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मला एकदम ती मोटार आठवली. उभा जन्म वर्गावर ओरडण्यात गेला, आता घरी ओरडायला एकटे आमचे हे, आणि ते ऐकू न येण्याचं सोंग फार सुरेख करतात. त्यापेक्षा मोटार बरी. शिवाय आबा नव्वदीला टेकले होते. आम्ही त्यांच्याजवळ जुन्या घरातच राहतो. येत्या दसऱ्याला त्यांना त्यांच्याच मोटारीत बसवून जव्हारातून एक फेरी मारायची, असं मी ठरवून टाकलं. पुढच्या दसऱ्याची हमी कोण देणार?

मोखाड्याचा मिस्त्री एरवी प्रवासी जिपा जगवतो. त्याने आमची मोटार दुरुस्त केली, म्हणजे त्याने ती केली आणि मी शेजारी खुर्ची टाकून त्याच्या चुका काढल्या. कागदपत्रं एजंटाने केली. गाडी इतकी जुनी की नंबर जुनाच राहिला, पण पाटी मात्र नवी, पांढरी, चकचकीत, एकदा बसवली की निघायची नाही अशी. मी खूश. गाडी दारात आणून उभी केली आणि आबांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं.

आबांनी मोटारीला एक फेरी घातली. मागे जाऊन उभे राहिले, खाली वाकून पाहिलं, आणि म्हणाले, "ही माझी नव्हे." मग आत जाऊन त्यांनी पेपर उघडला. मी सांगून पाहिलं, चिडून पाहिलं, नंबर वाचूनही दाखवला. पाट्या कुठे आहेत, एवढंच ते विचारत राहिले. जुन्या पाट्या काळ्या होत्या, त्यांवर पांढऱ्या रंगाने काढलेले मराठी आकडे. त्या असतील तर बसेन, नाहीतर मला गाडी काय, पालखीसुद्धा नको, म्हणाले. दसरा तोंडावर आला होता आणि म्हातारा हट्टाला पेटला होता. हट्ट मला कुणाकडून मिळाला हे वेगळं सांगायला नको.

पुढची पाटी घरातच सापडली. कोठीच्या दाराखालून उंदीर यायचे, तिथे आईने ती कधीकाळी ठोकून ठेवली होती, आणि आम्ही सगळे रोज तिला ओलांडून तांदूळ आणत होतो. मागची पाटी मात्र घरात नव्हती. आबांनी डोळे मिटून आठवलं. मोटार शेडमध्ये लावली तेव्हा दाभोशाचा एक माणूस आला होता, दुकानावर हमालीला यायचा तो. त्याने दुसरं काही न मागता मागची पाटी मागून नेली. कशाला, ते आबांनी विचारलं नव्हतं.

मी जीप पकडून दाभोशाला गेले. तो माणूस वारून बरीच वर्षं झाली होती. घरी त्याची मुलगी होती, माझ्याहून थोडी लहान. आमच्याकडच्या पाड्यांवर पूर्वी जन्मवारावरून नावं ठेवायची पद्धत होती, सोमवारची एक, बुधवारची एक. हिला मात्र सगळं गाव मोटारवालीच म्हणतं, कारण ही आमच्या मोटारीत जन्मली. आईला जव्हारच्या दवाखान्यात नेताना भर दुपारी चढावर मोटार नेहमीसारखी थांबली, आणि हिने पुढची वाट पाहिली नाही. हे तिनेच मला हसत हसत सांगितलं. पाटी दारावर लावलेली होती. काळा रंग उडालेला, आकडे पुसट, आणि मधोमध हा एवढा पोचा.

मी तिला आबांचा हट्ट सांगितला. तिने लगेच पाटी उतरवली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. मला इतका आनंद झाला की मी तिथेच अंगणात उभी राहून मिस्त्रीला फोन लावला. पाटी मिळाली म्हणून सांगितलं, रंग तयार ठेवायला सांगितला, आणि हातोडी घेऊन बस, पोचा काढून पत्रा सरळ करायचाय, असंही सांगितलं. फोन ठेवते तोवर पाटी माझ्या हातातून पुन्हा तिच्या हातात गेलेली होती.

"न्या, बाई," ती म्हणाली, "पण ठोकू नका. त्या पोच्यात माझ्या बाचा हात हाय."

मग तिने सांगितलं. त्या दुपारी रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. आत तिची आई ओरडत होती, स्टिअरिंगवर आबा होते, आणि मागे तिचा बा एकटा. तळहाताचं बूड पाटीवर टेकवून त्याने मोटार चढ संपेपर्यंत ढकलली. पत्रा वाकला तो तेव्हा. बाचा फोटो कधी कुणी काढला नाही. घरात त्याचं म्हणून जे काही उरलंय ते एवढंच, असं ती म्हणाली. मोखाड्याच्या बाजारात निदान डझनभर म्हाताऱ्यांनी तो पोचा माझ्याच धक्क्याने पडलाय म्हणून मला छातीठोकपणे सांगितलं होतं. हिने कधी बाजारात येऊन कुणाशी वाद घातला नाही.

मी परत फोन लावून मिस्त्रीला हातोडी आणि रंग दोन्ही आवरायला सांगितलं. त्याला वाटलं, बाईंनी पुन्हा चूक काढली. मोटारवालीला मी दसऱ्याचं बोलावणं दिलं. पाटी तिने स्वतःच आणावी आणि सण झाला की परत न्यावी, असं ठरलं.

दसऱ्याला दोन्ही जुन्या पाट्या नव्या पाट्यांवर तारेने बांधल्या. रस्त्यावर जाताना त्या काढायच्या, तोवर फक्त आमच्या आळीपुरत्या. झेंडू बांधला, हळद-कुंकू लावलं. आबा बाहेर आले, मागे गेले, पोचा हाताने चाचपला आणि स्टिअरिंगसमोर जाऊन बसले. मिस्त्रीने पुढे वाकून किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. आळीने टाळ्या वाजवल्या. आबांनी मिस्त्रीकडे असं पाहिलं, जणू त्याने मोटारच बिघडवून ठेवली होती, आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"अशी कधी सुरू होते का ही?" ते म्हणाले. "धक्का मारा."

एजंटही आपट्याची पानं द्यायला आला होता. ढकललेल्या गाडीच्या पाटीला कुणी हरकत घेणार नाही, असं तो म्हणाला. मग आम्ही सगळे मागे गेलो, मी, आमचे हे, मिस्त्री. मोटारवालीने आम्हाला हाताने बाजूला सारलं आणि मधली जागा घेतली. तिने पोच्यात तळहात टेकवला. तिचा हात लहान, कडेने बरीच जागा उरली.

आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मागं कोण आहे?"

आम्ही आपापली नावं सांगितली. शेवटी ती म्हणाली, "मी हाय, शेट. न् बा हाय."

मग आबांनी डोकं आत घेऊन ब्रेक सोडला.