झील धरणारा

२ जून १९७३ या दिवशी कासार आंबोलीच्या वाल्मीक सोपान ओव्हाळने पुण्यातल्या लष्कर भागात, जुन्या वाद्यांच्या एका दुकानात, तीनशे चाळीस रुपये रोख मोजून बेस गिटार विकत घेतली. रक्कम त्याच्या स्वतःच्या पगारातली होती, तेव्हा जाब विचारण्याचा हक्क खरं तर कुणालाच नव्हता. तरी घरी तो विचारला गेला. कारण वाल्मीक पैसे साठवतोय म्हणजे वडिलांच्या गायन पार्टीला नवी पेटी येणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

वडील सोपान ओव्हाळ. घर आणि निम्मी वस्ती त्यांना आबा म्हणायची. बाबासाहेबांवरची गाणी ते स्वतः रचत आणि स्वतःच गात. एप्रिल उजाडला की पौडपासून नेऱ्यापर्यंतच्या वस्त्यांतून त्यांना बोलावणी यायची. पार्टीत भैरू ढोलकीला, एकजण पेटीला आणि मागे झील धरणारे दोघे. गाणाऱ्याची ओळ संपली की ती खालच्या सुरात उचलून धरायची आणि त्याला दम घ्यायला उसंत द्यायची, हे झीलकऱ्याचं काम. वाल्मीक शाळकरी वयापासून ते करत आला होता. आबांनी त्याला शिकवलं ते एवढंच, की झीलकऱ्यानं पुढं यायचं नाही, पण तो हटला तर गाणारा पडतो.

मॅट्रिकनंतर वाल्मीक लष्कर भागातल्या एका क्लबात वेटर म्हणून लागला. शनिवारी तिथे ‘सेकंड गिअर’ नावाचा रॉक बँड वाजवायचा. ड्रम वाजवणारा गॅरेजमध्ये कामाला होता, म्हणून ते नाव. बँडचा पुढारी नॉर्मन लीड गिटार वाजवायचा आणि गायचाही. त्यांचा बेसवाला एक दिवस कॅनडाला निघून गेला. पुढच्या शनिवारी बँड त्याच्याशिवाय उभा राहिला आणि वाल्मीकला ट्रे हातात असतानाच जाणवलं की या गाण्याखालची जमीन गेली आहे. तो नकळत खालच्या सुरात गुणगुणायला लागला. नॉर्मनने ते ऐकलं. कार्यक्रम संपल्यावर त्याने वाल्मीकला थांबवून विचारलं, हे कुठे शिकलास. वाल्मीक म्हणाला, गावी. नॉर्मनला तो विनोद वाटला, पण त्याने जुन्या वाद्यांच्या दुकानाचा पत्ता दिला.

बेस गिटारला चार जाड तारा असतात. पहिले दोन महिने बोटांची सालं निघाली, मग घट्टे पडले. नोटेशन वाल्मीकला कधीच वाचता आलं नाही. इंग्रजी गाण्यांचे शब्दही अर्धेच कळायचे. पण नॉर्मन कुठल्या ओळीवर दम घेणार, हे त्याला नॉर्मनच्या आधी कळायचं. वर्षभरात पुण्यातल्या कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत ‘सेकंड गिअर’ला मागणी आली. केस खांद्यावर, पायात बेलबॉटम, अशा थाटात वाल्मीक पौडच्या एसटीतून उतरला की आई तुळजाबाई आधी त्याचे केस बघायची आणि मग तोंड.

१९७७च्या जयंतीला त्याने आबांकडे हट्ट धरला की या वेळी मी गिटार घेऊन पार्टीत बसतो. आबा ना हो म्हणाले, ना नको. भैरूने मात्र त्याला आपल्या शेजारी जागा करून दिली.

गायन पार्टीत एक रीत असते. गाणं आवडलं की माणसं पैसे पुढे करतात आणि गायक गाणं थांबवून माइकवरून देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव पुकारतो. अमक्यांकडून ढोलकीवाल्याला पाच रुपये, तमक्यांकडून पेटीवाल्याला दोन. रक्कम किती, याला महत्त्व नसतं. ज्याचं नाव पुकारलं गेलं तो वाजवणारा, बाकीचे नुसते बसलेले. वाल्मीकने बँडमध्ये टाळ्या पुष्कळ घेतल्या होत्या. त्याला आपल्या वस्तीत, आबांच्या तोंडून, स्वतःचं नाव एकदा ऐकायचं होतं.

माइकवाल्याने गिटारची वायर आपल्या मशीनला जोडली आणि मशीन झाडावरच्या दोन भोंग्यांना. आबांचा आवाज शिवारभर गेला, ढोलकी कडाडली. वाल्मीक जीव तोडून वाजवत होता आणि त्याचं कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. त्यालाही नाही. दोन गाणी झाल्यावर भैरू वाकून म्हणाला, “वाल्या, तार जोडलीया का निस्तीच खाजवतुयास?”

पुढचे लोक हसले. त्या दिवशी सगळ्यांची नावं पुकारली गेली, अगदी माइकवाल्याचंही. वाल्मीकचं पुकारलं गेलं नाही. जेवताना आबा शांतपणे म्हणाले, “जे कानाला येत न्हाई, त्याला वाजवनं म्हनत्यात व्हय?”

सोमवारी वाल्मीकने नॉर्मनला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला आणि मग त्याने समजावलं. भोंगा बोलण्यासाठी असतो, जाडा सूर त्यातून निघतच नाही, त्याला रुंद स्पीकरची लाकडी पेटी लागते. चूक गिटारची नव्हती आणि बोटांचीही नव्हती. पण हे वस्तीत जाऊन तोंडाने सांगण्यात काय अर्थ होता? वाल्मीकने सांगितलं नाही. त्यानंतर सहा जयंत्यांना तो पार्टीत पुन्हा झील धरायला उभा राहिला आणि गिटार पुण्यातच ठेवली.

ती वर्षं बँडच्या भरभराटीची होती. १९७९ मध्ये मुंबईच्या एका कॉलेजातल्या स्पर्धेसाठी नॉर्मनने स्वतःचं गाणं बांधलं, पण ते काही केल्या उभं राहीना. तालमीत वैतागून सगळे चहाला गेले. वाल्मीक एकटाच बसून चार सुरांची एक फिरती ओळ वाजवत राहिला. नॉर्मन दारातूनच परत आला आणि म्हणाला, गाण्याची सुरुवात हीच. त्या ओळीवर ‘सेकंड गिअर’ने स्पर्धा जिंकली. गाणं संपल्यावर मैदानातली मुलं शब्द विसरून तेवढे चार सूर गुणगुणत होती. ती ओळ मूळ आबांच्या एका गाण्याची झील होती, हे त्या मैदानात एकट्या वाल्मीकला माहीत होतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बँडचा फोटो आला. त्यात वाल्मीक नॉर्मनच्या मागे झाकला गेला होता, फक्त गिटारचा दांडा दिसत होता. तुळजाबाईंनी तो फोटो चौकटीत बसवून भिंतीवर लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या दांड्यावर बोट ठेवून सांगायच्या, “ह्यो आमचा वाल्मीक.”

मग हॉटेलांत डिस्कोच्या टेप वाजायला लागल्या. पाच माणसांच्या बँडपेक्षा एक टेपरेकॉर्डर स्वस्त पडतो, हा हिशेब कुठल्याही मालकाला कळतो. १९८३च्या शेवटी नॉर्मन बहिणीकडे ऑस्ट्रेलियाला गेला. जाताना त्याने बेसच्या स्पीकरची पेटी आणि तिचा अँप्लिफायर वाल्मीकच्या खोलीवर आणून टाकला. पेटी कमरेइतकी उंच होती आणि दोघांनाही धड उचलत नव्हती.

तोवर आबांचा दम कमी झाला होता. वरचा सूर लागायचा, पण टिकायचा नाही. येत्या एप्रिलची जयंती झाली की गाणं बंद, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. वाल्मीकने दूधवाल्याच्या टेंपोत कॅनच्या शेजारी पेटी चढवली आणि चौदा एप्रिलला सकाळी वस्तीत उतरवली. भैरूने तिच्याभोवती एक फेरी मारली. “ह्यात कनगीभर तांदूळ मावत्याल,” तो म्हणाला. “न्हाई वाजली तर आमाला दे.”

संध्याकाळी शाळेची बाकं जोडून त्यावर फळ्या टाकल्या होत्या. पेटी फळ्यांवर, आबांच्या मागे. वाल्मीकने पहिली तार छेडली आणि फळ्या थरथरल्या. आबांनी वळून पाहिलं, पायाखाली पाहिलं, आणि गाणं सुरू केलं. दुसऱ्या गाण्यात शेजारच्या गोजराबाई घरातून धावत आल्या. मांडणीवरची भांडी आपोआप वाजायला लागली होती आणि त्यांना कोयनेचा भूकंप परत आला असं वाटलं होतं. भैरूने ढोलकी न थांबवता गिटारकडे मान हलवली. तेव्हा वस्तीला कळलं की हा आवाज कुठून येतोय.

शेवटचं गाणं आबांनी तेच निवडलं, ज्याची झील मुंबईपर्यंत जाऊन आली होती. तिसऱ्या कडव्यात त्यांनी वरचा सूर घेतला आणि दम तुटला. आवाज मधूनच गेला. माइकमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता. पेटीवाला थांबला, भैरूचा हात अडखळला. वाल्मीक थांबला नाही. तो त्याच चार सुरांवर फिरत राहिला, जोर न वाढवता, घाई न करता. भैरूला परत सम सापडली. आबांनी कुणीतरी दिलेल्या तांब्यातलं पाणी प्यायलं, डोळे मिटले, दोन फेऱ्या नुसते पायाच्या अंगठ्याने ताल धरून उभे राहिले आणि मग एक सूर खाली उतरून कडवं जिथे सुटलं होतं तिथूनच उचललं. गाणं पुरं झालं. लोकांनी टाळ्या दिल्या त्या पडलेलं गाणं सावरलं म्हणून नव्हे, त्यांच्या लेखी ते पडलंच नव्हतं.

आबा माइक धरून तसेच राहिले. मागे न बघता त्यांनी विचारलं, “ही झील हाय न्हवं का आपली?”

“व्हय, आबा. मुंबईत हीच वाजवली.”

मग आबांनी रीतीप्रमाणे आवाज चढवला. “वाल्मीक सोपान ओव्हाळ, झील वाजवनारे. त्यांना सोपान ओव्हाळ यांच्याकडून अकरा रुपये.”

गायकानेच आपल्या पार्टीतल्या माणसाला बक्षीस दिल्याचं वस्तीत आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आबांनी खिशात हात घातला. तो रिकामा होता. पाकीट घरी कोटात राहिलं होतं. भैरू म्हणाला, उधारीवर बक्षीस पहिल्यांदाच बघतुया. आबा म्हणाले, “बुडवत न्हाई. घरी गेलो की देतो.”

घरी गेल्यावर जयंतीच्या पाहुण्यांत ते राहून गेलं. आबांनी ठरल्याप्रमाणे गाणं बंद केलं. वाल्मीकने पुढे दोन नवे बँड उभे केले, लष्कर भागातल्या पाच-सहा पोरांना बेस शिकवला आणि दर जयंतीला लाकडी पेटी टेंपोत घालून वस्तीत आणली. माइकवाले आता आधी विचारतात, वाल्मीकभाऊ येणार आहेत का, म्हणजे तशी वायर आणतो. आबा समोरच्या ओळीत बसायचे. वाल्मीक कधी गमतीने अकरा रुपयांची आठवण करायचा, आबा तेच उत्तर द्यायचे.

सोपान ओव्हाळ १९८८च्या डिसेंबरात वारले. अकरा रुपये येणे बाकी आहेत.