अकरा पत्रं आणि एक अर्ज

नोकरीतले कित्येक खून आणि दरोडे आता मी विसरलो. पण जिच्यात कुणी मेलं नाही, काही चोरीला गेलं नाही, अशी एक चौकशी काही केल्या डोक्यातून जात नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जळगावातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी हजेरी, मग ड्यूटी वाटप, मग स्टेशन डायरी वाचणं, असा माझा क्रम. त्यात कुणी मध्ये बोललं की माझं टाळकं फिरायचं. दिवाळीनंतरच्या एका सकाळी ठाणे अंमलदार दबकतच आत आला. "साहेब, पारोळ्याकडचे एक आबा आलेत. दोन तास झाले बाहेर बसलेत. जा म्हटलं तरी हलत नाहीत."

आबा आत आले. सत्तरीचे, धोतर, टोपी हातात धरलेली. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"साहेब, मनी आंडेर जित्ती शे का नही, इतलंच सांगा."

आंडेर म्हणजे मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिला शिंदखेड्याच्या घरात दिली होती. नवरा आखाती देशात नोकरीला, तो तिला घेऊन गेला. आबांच्या थोरल्या मुलाची माझ्या हद्दीत ठिबकच्या पाइपांची एजन्सी होती आणि दुकानात कॉम्प्युटर होता. मुलगी त्याच्यावर ईमेल पाठवायची. दर गुरुवारी आबा एसटीनं यायचे, गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसायचे आणि मुलगा बहिणीचं पत्र वाचून दाखवायचा. तीन महिन्यांपासून मात्र एकच उत्तर मिळत होतं, "आज काही नाही, आबा." फोन केला तर जावई म्हणे, ती बरी आहे, आणि फोन ठेवून देई.

आता सांगा, पोलिसाचा संशय कुणावर जाणार? शिंदखेड्याला दोन माणसं पाठवून मी मुलीच्या सासऱ्यांना बोलावून घेतलं. चौकशीची माझी ठरलेली रीत होती. आधी चहा द्यायचा, मग अर्धा तास काहीच विचारायचं नाही. शांतता बहुतेकांना सोसत नाही, माणूस आपणहून बोलायला लागतो. हे गृहस्थ मात्र खमके. दुपारपर्यंत त्यांचं एकच म्हणणं, मुलगा सगळं बरं आहे म्हणतो. "पोऱ्या फोनवर बठ्ठं बरं शे म्हनस. माले दुसरं काय मालूम?"

मी आवाज चढवला तेव्हा त्यांचाही पारा चढला. सून दर शुक्रवारी शेजारणीच्या कॉम्प्युटरवर बसून माहेरी पत्रं लिहिते, अशी मुलाची त्यांच्याकडे तक्रार होती. "मंग पत्रं जातस कथा, ते तुम्हीच दखा ना!" ते कडाडले. पत्रं जातात कुठं ते मीच बघावं, असं त्यांचं म्हणणं.

मी चपापलो. म्हणजे पत्रं तिकडून निघत होती! एका वयस्क माणसाला मी सकाळपासून उगीच बसवून ठेवलं होतं. त्यांची माफी मागितली आणि जीपनं बसस्टँडवर सोडलं.

कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. दीपनगरला वीज केंद्राच्या वसाहतीत राहणारे एक इंजिनिअर आमच्या कार्यालयाचा कॉम्प्युटर हौसेनं दुरुस्त करून द्यायचे. त्यांना विनंती केली आणि मुद्दाम गुरुवारीच आम्ही दोघे त्या दुकानात गेलो. आबा त्यांच्या खुर्चीवर होतेच.

मुलगा चाळिशीचा, मृदू बोलणारा. त्यानं लगेच कॉम्प्युटर उघडून दिला. "बघा साहेब. किती वेळ लागेल?"

तिथंच मला वास आला. ज्याचं माणूस बेपत्ता आहे तो पोलिसाला पाहताच विचारतो, काही कळलं का? यानं वेळ विचारला.

आलेल्या पत्रांत बहिणीचं एकही नव्हतं. सगळी कंपनीची आणि गिऱ्हाइकांची. इंजिनिअर मात्र निवांत पडद्याकडे बघत होते. ईमेलचा तो प्रोग्राम फुकट मिळणारा होता, एका मासिकाच्या सीडीवर आलेला. "नुसता फुकट नाही बरं का साहेब," ते रंगात येऊन म्हणाले, "हा आतून कसा बांधलाय तेसुद्धा सगळ्यांना उघडं ठेवलंय. कुणीही बघावं, सुधारावं. लोक याच्याकडून दोनच कामं करून घेतात, पत्र वाचायचं आणि उत्तर द्यायचं. खरं तर हा पुष्कळ काही करतो." मग मुलाकडे वळून त्यांनी विचारलं, "अमळनेर, चोपडा, यावल, प्रत्येक तालुक्याच्या पत्रांना वेगळा कप्पा आहे. छान लावलंय. कुणी केलं?"

"मीच," तो म्हणाला. कौतुक झालं म्हणून त्याच्या तोंडून पटकन निघून गेलं, आणि मग त्याचा चेहरा उतरला.

इंजिनिअरांनी मला समजावलं. अमक्या पत्त्यावरून पत्र आलं की ते तमक्या कप्प्यात टाक, असा नियम एकदा घालून दिला की प्रोग्राम तो मुकाट्यानं पाळतो. पत्र समोर दिसतच नाही. त्यांनी नियमांची यादी उघडली. वर तालुके होते आणि अगदी तळाशी एक परदेशातला पत्ता. त्याची पत्रं 'जुनी कोटेशनं' नावाच्या कप्प्यात जात होती.

आत अकरा पत्रं होती. आठ उघडलेली. शेवटची तीन ठळक अक्षरांत, म्हणजे कुणी न वाचलेली.

 मी विचारायच्या आधीच मुलगा खाली बसला. "साहेब, ही सोयरीक मीच जमवली. आबा नको म्हणत होते, मी हट्टानं केली. तो तिला मारतो असं तिनं लिहिलं, ते आबांना कोणत्या तोंडानं वाचून दाखवू? वाटलं, मिटेल आपोआप. दुकानात कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून नियम घातला. नंतर नंतर मलाच वाचवेना."

"मग पुसून का नाही टाकलीस?" मी खडसावलं.

"हात धजावला नाही."

आबांना सगळं ऐकू गेलं होतं. ते एवढंच म्हणाले, "वाचा."

इंजिनिअरांनी शेवटचं पत्र वाचलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, अडखळत वाचावं लागत होतं. तिनं लिहिलं होतं: शेजारच्या ताई पुढच्या आठवड्यात भारतात जाताहेत, त्यांच्यासोबत येता येईल. माझा पासपोर्ट त्यांनी मिळवून ठेवलाय. पण दहा पत्रांना उत्तर नाही. आबा, तुम्ही सगळं वाचूनही गप्प असाल तर मी कुणाच्या घरी येऊ? येत्या शुक्रवारी उत्तर आलंय का ते शेवटचं बघेन.

येता शुक्रवार म्हणजे दुसराच दिवस.

"लिखा," आबा म्हणाले. "बेटा, एक बी पत्र माले भेटनं नही. ये. घर तुनंच शे."

पत्र लिहून झालं, पण टेलिफोनची लाइन लागेना. मोडेम दोनदा किंचाळून गप्प पडला. तिसऱ्या वेळी पत्र गेलं. मग इंजिनिअरांनी मुलाला खुर्चीवर बसवलं. "तो नियम पुसू नकोस. तूच उलटा कर." त्यानं बदल केला. त्या पत्त्यावरून पत्र आलं की ते सगळ्यांत वर, लाल अक्षरांत येईल आणि घंटा वाजेल.

शुक्रवारी आबा सकाळपासून त्या खुर्चीवर बसून होते. मीही दोनदा चक्कर मारून आलो, बंदोबस्ताचं निमित्त काढून. मुलगा दर तासाला लाइन लावून बघत होता. चारच्या सुमाराला घंटा वाजली. पत्रात दोनच शब्द होते, "आबा, येते." आबांनी ते मुलाकडून तीन वेळा वाचून घेतलं. त्या आधी दिवसभर ते त्याच्याशी बोलले नव्हते.

मुलावर गुन्हा दाखल करावा असं कलम मला सापडलं नाही, आबांनाही ते नको होतं. जबाब नोंदवून मी चौकशी बंद केली. खरं सांगतो, त्या आठवड्यात मी स्वतःवर भलताच खूश होतो.

महिन्याभरानं मुलगी आबांबरोबर ठाण्यात आली. अंगानं बारीक, नजर मात्र धीट. आभार वगैरे मानून झाल्यावर म्हणाली, "साहेब, एक काम होतं. आबा म्हणतात, ते तुमच्याकडे पहिल्यांदा पोळ्याच्या आदल्या दिवशी आले होते, लेखी अर्ज दिला होता. मला तो बघायचाय."

मी म्हणालो, "नाही हो, आबा दिवाळीनंतर आले." आबा खाली मान घालून बसले. दाराशी उभा असलेला हवालदार माझ्याकडे बघेना.

कपाटात 'कौटुंबिक' असं लिहिलेला एक गठ्ठा होता. नवराबायकोची, सासूसुनेची भांडणं ठाण्याचा वेळ खातात, म्हणून असे अर्ज तिकडे लावायचे हा माझाच तोंडी हुकूम. गठ्ठा सोडला. आबांचे एक सोडून दोन अर्ज निघाले. पहिला पोळ्याच्या आदल्या दिवसाचा. 'माझी मुलगी संकटात आहे असे वाटते.' खाली माझ्या अक्षरात शेरा होता, 'कौटुंबिक बाब. दप्तरी दाखल.' आणि माझी सही.

भावाला मी भर दुकानात खडसावलं होतं. त्यानं निदान आठ पत्रं वाचली होती. मी अर्जाची पहिली ओळ तरी वाचली होती की नाही, देव जाणे.

शेऱ्याकडे तिचं लक्षही गेलं नाही. ती तारीख बघत होती. "माझं चौथं पत्र यायच्या आधीच तुम्ही इथं आला होतात, आबा," ती म्हणाली आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. तीन महिने तिला वाटत होतं की बापानं पाठ फिरवली. तिला हवा होता तो पुरावा माझ्या कपाटात पडून होता.

जाताना तिनं अर्जाची झेरॉक्स मागितली. संध्याकाळी मी हवालदाराला बसवून तो सगळा गठ्ठा वाचून काढणार होतो, आणि काढलाही. पण आधी झेरॉक्स. हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, खालच्या भागावर कोरा कागद ठेवू का? शेरा येणार नाही."

मी म्हणालो, "नको. सहीसकट येऊ दे."