वळवलेला स्क्रीन

पाली बाजारातला तो कॉम्प्युटरवाला पैशांचा आकडा कधी तोंडाने सांगत नाही. नुसता स्क्रीन गिऱ्हाईकाकडे वळवतो.

माझ्या बायकोने फणसपोळीच्या धंद्यासाठी इंटरनेटवर वेबसाइटचं नाव घेतलं होतं. नाव भारीतलं, म्हणून दरवर्षी ते चालू ठेवायचा खर्चही भारी. ती गेली, धंदा थांबला. यंदा त्याचे पैसे भरायला गेलो तेव्हा मी कॉम्प्युटरवाल्याला म्हटलं, "सोडून टाक ते नाव."

"बघा हां काका," म्हणत त्याने स्क्रीन वळवला. आकडा नव्हता. त्या वेबसाइटवरचा फोटो होता. ही अंगणात पोळ्या वाळत घालत होती. "नाव सोडलंत की हे कुणाला सापडायचं नाय."

त्याने माया दाखवली की धंदा केला, मला अजून कळलेलं नाही. पैसे मात्र मी दिले.