एकादशीनंतरचं रक्त

पिंपरीच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये मी रुग्णांच्या रक्तातलं पोटॅशियम काळानुसार कसं चढतं-उतरतं याचा अभ्यास करत होते. पोटॅशियम हा महालबाड प्रकार. वाढलं तरी ना ताप, ना दुखणं. माणूस गप्पा मारता मारता हृदय बंद पडून जातो. हसतमुख रुग्णांचीच मला जास्त धास्ती वाटायची.

एका दुपारी सगळ्यांचे आलेख एकाखाली एक लावले आणि अंगावर काटा आला. ताथवड्याचे मास्तर, आळंदीच्या फुलवाल्या मावशी, महाळुंग्याचा कंपनीत जाणारा तरुण. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. तरी दर पंधरवड्याला सगळ्यांचं रक्त एकदमच उसळत होतं, कुणीतरी हाक मारल्यासारखं. लॅबवाल्याशी भांडले, मशीन तपासून घेतलं. मशीनमध्ये काही दोष नव्हता. बाहेर लख्ख ऊन होतं, पण मला त्या खोलीत एकटीला बसवेना.

सगळ्यात उंच टोक महाळुंग्याच्या तरुणाचं, आणि दर खेपेला आधीपेक्षा वर. आणखी एक खेप त्याचं हृदय सोसेल असं मला वाटत नव्हतं. पुन्हा आकडा चढला तेव्हा मी त्याच्या आईवर खेकसलेच, "काय खायला घातलंत याला?"

"कायबी न्हाई ओ डाक्टरीणबाई. काल एकादस व्हती. ह्यो बरा व्हावा म्हनून आमी दोघं बी उपास धरतो."

"मग उपासाला काय खाल्लं?"

"रताळी, दाण्याची आमटी, केळी, खजूर. माज्या वाटचं बी त्यालाच देते. ताकद नगं का यायला?"

एकूण एक पोटॅशियमनं भरलेलं. एरवी ही बाई पोटॅशियम निघून जावं म्हणून भाजी उकळून पाणी फेकायची, पथ्यात तसूभर चूक नाही. उपासाचं मात्र ती खाण्यात धरतच नव्हती. विचारलं तर मास्तर आणि मावशीही एकादशी करत होते.

"तुमच्या उपासानंच तो मरेल," मी बोलून गेले. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

पुढच्या एकादशीनंतर त्याच्या पोटॅशियमची रेषा सपाट आली. मला इतका आनंद झाला की मी धावतच तिला सांगायला गेले. ती मुलाच्या पायाशी बसून नळ्यांतून फिरणारं त्याचं रक्त बघत होती.

"त्याचा उपास सोडवला," ती हळूच म्हणाली. "पर माज्या हातात तेवढंच व्हतं. आता त्याच्यासाठी म्या काय करू?"