नानांचे मुरलेले पट्टे

नानांना पोहोचवून आम्ही घाटावरून परत आलो, अंगणातल्या हौदावर आंघोळी केल्या आणि मी माझा ओला टॉवेल झटकून चक्कीच्या खोलीतल्या तुंब्यावर टाकला. टाकला आणि जागीच थबकलो... तुंबा म्हणजे बैलगाडीच्या चाकाचा मधला गोल लाकडी ठोकळा. असे काही जुने तुंबे नानांनी भिंतीत बसवून घेतले होते आणि त्यांच्यावर इंजिनाच्या पट्ट्यांशिवाय काहीही टाकायचं नाही, असा त्या घराचा कायदा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणाला मी तो मोडला होता. तेव्हा नाना, म्हणजे माझे हे थोरले मेहुणे, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून म्हणाले होते, "जवाईबापू, टॉवेल तुम्ही काढता, का मी चक्कीत टाकू त्याले?" जावयावर ओरडायचं नसतं म्हणून 'बापू' लावलं, बाकी आवाज गिऱ्हाइकांसाठी राखलेला तोच. पुढे इतक्या वर्षांत मी तीच चूक करत आलो, कधी टॉवेल, कधी पिशवी, एकदा तर टोपी, आणि दर वेळी बोलणी खाल्ली. त्या दिवशी मात्र टॉवेल टपटपत राहिला आणि कोणी काही म्हणालं नाही. अशा वेळी माणसाला रडू यावं. मला राग आला.

राग आधी नानांचाच. होळीच्या आधीपासून छातीत कळ येत होती. नागपूरला जाऊन दाखवा म्हणून मी पांढुर्ण्याहून दोन पत्रं टाकली, तर निरोप आला की संत्र्याच्या बागांना पाणी द्यायचे दिवस आहेत, लोकांचे पट्टे आता तुटतील, आता कुठे जाऊ. नव्या पट्ट्याला महिनाभर जपणारा हा माणूस स्वतःला मात्र भर उन्हात पूर्ण वजनावर चालवत राहिला. शाळेत मी सातवीला गणित शिकवत असताना शिपाई दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पाहूनच मी खडू ठेवला.

ज्यांनी सौंसरची ती चक्की पाहिली नाही, त्यांना पट्ट्यांचं सांगायला हवं. वीज कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून नानांची चक्की डिझेल इंजिनावर. इंजिनाचं चाक आणि चक्कीचं चाक यांच्यामध्ये रबर-कापडाचा लांब पट्टा. तसाच पट्टा बागेतल्या पाण्याच्या पंपालाही लागतो. नवा पट्टा आणून सरळ कामाला जुंपला की तो घसरतो, तापतो, आणि ऐन कामाच्या दिवसांत तुटतो. नाना नवा पट्टा आधी कोमट साबणाच्या पाण्याने पुसत, सावलीत वाळवत, त्यावर गेरूने बाण काढत, म्हणजे तो नेहमी एकाच दिशेने फिरेल. मग रिकाम्या चक्कीवर फिरवत. मग थोडी ज्वारी. पट्टा ताण खाऊन लांबला की कापून पुन्हा जोडत. हरभऱ्याची डाळ त्याच्या वाट्याला महिनाभराने. या सगळ्याला नाना 'मुरवणं' म्हणत, जसं काही ते लोणचं होतं. मुरलेला पट्टा तुंब्यावर टांगायचा, खिळ्यावर कधी नाही, कारण खिळ्यावर वळ पडतो आणि वळावरच पट्टा तुटतो. घडी तर नाहीच. तेलाचा हात नाही, ऊन नाही, आणि वरून अंगाला लावायची पावडर. बाजारात नाना पावडरचा डबा घेताना दिसले की दुकानदार विचारी, "काय नाना, वहिनीसाठी काय?" त्या डब्यातली चिमूटभर पावडर वहिनींच्या वाट्याला आली असेल तर मला ठाऊक नाही.

हे मुरवलेले पट्टे नाना स्वतःसाठी ठेवत नसत. सौंसरपासून रामाकोन्यापर्यंत कोणाचाही पट्टा तुटला की तो माणूस नवा पट्टा घेऊन नानांकडे येई. नाना नवा ठेवून घेत, तुंब्यावरचा मुरलेला देत आणि नव्याला आपल्या चक्कीवर मुरवत. विरजण शेजारी देतात-घेतात, तसंच ते चाले. फक्त विरजणाबरोबर शिव्या मिळत नाहीत. इथे आधी बोलणी खायची: जुना तुटला कसा, तेल कोणी सांडलं, उन्हात कोणी ठेवला. आवाज बसस्टँडपर्यंत जाई. आणि आवाज चढला की आतून वहिनी कपबशी घेऊन येत, बोलणी खाणाऱ्याच्या हातात देत आणि म्हणत, "घ्या भाऊ. मनावर घेऊ नका." नाना मागून कुरकुरत, "वरडून घसा माहा सुकला, अन् चहा त्याले." त्यांना चहा मिळत नसे. हे मी नेहमी पाहिलं आहे.

तर त्या दिवशी टॉवेल टाकला तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही की तुंबा रिकामा होता म्हणूनच टॉवेल बसला. आम्ही घाटावर असताना कोणीतरी येऊन पट्टा नेला होता. बाया रडत होत्या, त्यांच्यासमोरून. "नाना असते तर देल्लाच असता," असं म्हणून नेला, बायको सांगत होती. मग हा पायंडाच पडला. भेटायला येणारा माणूस ओट्यावर बसे, डोळे पुसे, आणि उठताना चक्कीच्या खोलीत डोकावे. बदल्यात नवा पट्टा कोणी आणला नाही. सुतकात भांडायचं कोणाशी? तेरवीपर्यंत सगळे तुंबे उघडे पडले. इंजिनावर एकच उरला, जोड सुटत आलेला. मी दात-ओठ खात जिलबी वाढत होतो.

आणि पंगत उठायच्या आत नानांचे चुलतभाऊ हिशेबी आवाजात बोलले, "चक्की विकून टाकावी. बाईमाणसाचं काम होय का हे? पट्टा तरी कुठी हाय चालवाले?" मुलगी लग्न होऊन बैतुलला. वहिनींना त्या चक्कीशिवाय दुसरा आधार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना विचारायला माझी बायको आत गेली आणि तशीच परत आली. वहिनी हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. नाना गेल्यापासून त्या मागच्या खोलीतून बाहेरच आल्या नव्हत्या. गिऱ्हाइकं डोक्यावर डबे घेऊन बसस्टँडजवळच्या विजेच्या चक्कीकडे वळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ चक्की विकत घेणारं गिऱ्हाईक आणायच्या गोष्टी करत ओट्यावर बसले होते, तेवढ्यात रामाकोन्याचे बाबाराव आले. यांनी नाना गेल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीच एक मुरलेला पट्टा नेला होता. काखेत नवा पट्टा, नीट चौकोनी घडी करून वर सुतळीने आवळलेला.

"जवाईबापू," ते म्हणाले, "नाना असते तर मुरवून देल्ला असता. आता तुम्हीच पाहा न जराक."

मी शाळेतली मराठी बोलणारा माणूस. वर्गात मागच्या बाकापर्यंत माझा आवाज जात नाही, अशी हेडमास्तरांची तक्रार आहे. पण ती सुतळी पाहिली आणि माझ्या तोंडून कोण बोललं, मला माहीत नाही.

"बाबाराव, हा पट्टा होय का सतरंजी? घडी काहून केली याची? मोडीवर तुटन तो. अन् मुरलेला नेला तो कुठी हाय? तेल सांडलं असन त्याच्यावर. उन्हात पडला असन. घरात माणूस जाऊन चार दिस नाई झाले होते, अन् तुम्हाले पट्टा सुचला? आता नवा घेऊन येऊन राहिले, मुरवाले. कोण मुरवन? नाना येऊन मुरवन?"

आणखी बरंच बोललो. गल्लीतली माणसं दारात आली. चुलतभाऊ ओट्यावरून उठून उभे राहिले. बाबाराव खाली मान घालून उभे... आणि आतून कपबशीचा आवाज आला.

वहिनी होत्या. पदर सावरत उंबऱ्याबाहेर आल्या, सरळ बाबारावांपाशी गेल्या आणि कपबशी त्यांच्या हातात दिली. "घ्या भाऊ. मनावर घेऊ नका." मग त्यांच्या काखेतला पट्टा काढून घेतला, सुतळी सोडली, घडी उलगडून मोडीवरून दोनदा तळवा फिरवला. "हा ठेवून जा," त्या म्हणाल्या. "पण मुरलेला उद्या आणून द्या. बाकीच्याइलेही सांगा." तुंब्यावर माझा टॉवेल होता. हो, परत टाकला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि तिथे पट्टा टांगला. चुलतभाऊ काही म्हणणार होते, ते चप्पल शोधू लागले.

दुपारच्या बसने आम्ही पांढुर्ण्याला निघालो. माझा घसा पार बसला होता. राग अजून उतरला नव्हता, त्यात मी वहिनींनाही जमा केलं. "एवढा ओरडलो," मी म्हणालो, "मला कोणी साधं पाणी विचारलं नाही."

बायको खिडकीबाहेर पाहत होती.

"वरडणाऱ्याले त्या घरात चहा भेटत नाई," ती म्हणाली. "नानाले तरी कुठी भेटत होता? पुढच्या शनिवारी घसा शेकून सौंसरले जा. वहिनी चक्की चालू करून राहिली, अन् तिथं वरडाले कोणीतरी लागते."